तोंडावर दार

लंडनच्या संसदेत हॉरेस टिबेट द्वारपाल होता. वर्षातून एकदा राजाचा दूत काळी काठी घेऊन खासदारांना बोलवायला यायचा आणि तो उंबऱ्याशी पोचला रे पोचला, की हॉरेस त्याच्या तोंडावर धाडकन दार लावायचा. तीनशे वर्षांपूर्वी एक राजा खासदारांना पकडायला शिपाई घेऊन आत घुसला होता, त्याची ही आठवण. दूताने काठीने ठोठावावं, मगच दार उघडायचं. एका वर्षी जोडीच्या द्वारपालाने दार हळूच लोटलं, तर हॉरेस उखडलाच. "आत बाळ निजलंय का? आपट की!"

राजा वारला तेव्हा हॉरेस निवृत्त झाला होता. शवपेटी दर्शनाला ठेवली होती आणि फेब्रुवारीच्या गारठ्यात रांग नदीपलीकडे गेली होती. गुडघे धरलेले असूनही हॉरेस काळा टाय बांधून रांगेत उभा राहिला. बायको विनी थर्मासमधला चहा ओतत म्हणाली, "जन्मभर त्याच्या माणसाच्या तोंडावर दार आपटलंस आणि आता टोपी काढून उभा?"

"म्हणूनच आलोय," हॉरेस म्हणाला. "दर वेळी ठोठावलं त्याने. लाथ एकदाही मारली नाही."