लाकडी तलवारी वाजायला लागल्या तेव्हा

आमच्या जुन्या मंडळींपैकी कुणाचा फोन आला की "कसा आहेस" हे नंतर. आधी "ती रिक्षा आठवते का?" हौशी नाटकाचं हे असंच असतं. भाईंदर पूर्वेच्या आमच्या मंडळाने नाटकं केली सात-आठ, त्यातली लोकांच्या लक्षात राहिली एक-दोन. किस्से मात्र माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साठत गेले. टाकवतही नाहीत आणि मोजवतही नाहीत.

हे त्यातले तलवारींचे. एक आधीच सांगून ठेवतो, मी मूळचा संशयी माणूस. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. मंडळात दिग्दर्शन माझ्याकडे आलं तेही त्यामुळेच. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नव्हता.

* * *

त्या वर्षी ऐतिहासिक नाटक घेतलं होतं. तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी कागद. पहिल्याच तालमीत लढाई सुरू झाली आणि टक टक, टक टक. कुणीतरी मागून म्हणालं, "कोबी चिरतायत का?"

तेव्हा सुरेश भुवड उठला. सुरेश मूळचा रत्नागिरीकडचा, एका गॅरेजमध्ये मोटरसायकलींना चोरीचे अलार्म बसवायचा. तेव्हा ते फॅडच होतं. गाडीला हलका धक्का लागला की अलार्म नुसता कुरकुरायचा, जोरात लागला की बोंबलायचा. सुरेशकडे बिघडलेल्या अलार्मचा ढीग होता. हलणं ओळखणारा त्यातला इवलासा पार्ट काढायचा, आवाज भरून ठेवता येणारा खेळण्यातला स्पीकर जोडायचा आणि सगळं तलवारीच्या मुठीत दडवायचं, असा त्याचा बेत. तलवार हलकी हलली तर "किण", जोरात फिरवली तर "खण्ण!"

"आणि हा आवाज आणणार कुठून?" मी संशयाने विचारलं.

"घरातून," सुरेश म्हणाला.

चार दिवसांनी त्याची बायको मंदावहिनी माझ्या दारात. "भावजी, ह्यांना कुणी काय केलं तर नाय ना? सकाळी उठल्यापासून माझ्या ताटांवर उलथनं आपटतात, कान लावून ऐकतात, आणि 'अजून एकदा' म्हणून मलाच आपटायला लावतात."

मी त्यांना समजावलं. त्या गेल्या, पण जिन्यातून दोनदा वळून माझ्याकडेही त्याच संशयाने बघून गेल्या.

* * *

तालमी सोसायटीच्या हॉलमध्ये चालायच्या. तिथले सेक्रेटरी गुजराती, हॉलचा पंखासुद्धा स्वतः येऊन बंद करणारे. त्यांना कुणीतरी सांगितलं, ह्यांच्या तलवारीत वायरी आहेत.

ते आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "भाई, नाटक ठीक है. तलवार में वायर किसलिए?"

सुरेशने तलवार त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बिचकत हलवली. खण्ण! त्यांनी ती टाकूनच दिली. मग उचलली, पुन्हा हलवली. मग जरा बाजूला जाऊन दहा मिनिटं एकटेच वार करत राहिले. आम्ही तालीम थांबवून बघत होतो.

शेवटी घाम पुसत आले आणि सुरेशला हळूच विचारलं, "इस में दांडिया बनेगा क्या?"

* * *

आता ती रिक्षा. आठ तलवारी चादरीत गुंडाळून मी आणि सुरेश काशीगावातल्या एका ओळखीच्या सुताराकडे निघालो होतो, मुठी बदलायला. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मांडीवरचं गाठोडं "खण्ण खण्ण" करायचं. रिक्षावाला आरशात बघायचा. तिसऱ्या खड्ड्यानंतर त्याने रिक्षा बाजूला घेतली, ती नेमकी हवालदारासमोर.

"काय आहे ह्यात?"

"तलवारी आहेत साहेब," सुरेश सरळ माणूस. "लाकडाच्या."

हवालदाराने गाठोड्यावर काठी मारली. खण्ण. "लाकडाच्या? मला शिकवतोस?"

आम्ही नाटकाचं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. मीही त्याच्या जागी ठेवला नसता. "कलाकार आहात ना? मग दाखवा करून."

भर नाक्यावर मी आणि सुरेश लढलो. लोक जमले, मागे एक टेम्पो हॉर्न द्यायला लागला. हवालदार हाताची घडी घालून अगदी बारकाईने बघत होता. आम्ही थांबलो तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा कलाकार वाटत नाही. तू जा. ह्याला जरा थांबू दे."

* * *

तलवारीला लढाई कळत नाही, हलणं कळतं. त्यामुळे दरबारात उभ्या मावळ्याला डास चावला तरी किण. कुणी शिंकलं तरी किण. सेनापतीचं काम करणारा बबन तर शपथ घेताना मान हलवायचा आणि त्याची शपथ संपेपर्यंत तलवार साथ द्यायची. मी फतवा काढला, लढाईपर्यंत कुणीही हलायचं नाही. आमच्या नटांचा अभिनय त्या आठवड्यात जितका संयमी झाला तितका पुढे कधी झाला नाही.

* * *

शेवटचा किस्सा नानांचा. नाना म्हणजे आमचे म्हातारे किल्लेदार. जवळच्या खारी गावात त्यांचं छोटं सलून, अर्ध्या मंडळाची दाढी त्यांच्याच हातची. नाटकात मुलगा लढाईत पडल्याची बातमी येते आणि किल्लेदार तलवार टेकवून नुसता उभा राहतो, असा प्रसंग होता. सगळे गप्प. त्या शांततेत किण. किण किण. किण.

मी सुरेशवर डाफरलो. बबनची तलवार नानांना दिली. ती बबनच्या हातात गप्प होती, नानांच्या हातात पुन्हा किण किण. लढताना दोन्ही ठीक, नाना उभे राहिले की वाजायच्या. माझा संशय पक्का झाला, सुरेशने काम वरवर उरकलंय. मी म्हणालो, "सगळ्या तलवारी आणा. एकेक नानांच्या हातात देऊन बघू."

"नको," सुरेश मध्ये आला. "चूक माझी आहे. काल मीच मुठींतले सगळे स्क्रू फिरवलेत, म्हणून जरा हललं की वाजतायत."

वीस माणसांसमोर मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो खाली मान घालून तलवारी गोळा करत राहिला. तेवढ्यात माझं नानांकडे लक्ष गेलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला स्वतःची लाज वाटली. आणि भीतीही वाटली, कारण बबनही तिकडेच बघत होता. सलून हेच नानांचं पोट. थरथरत्या हातातल्या वस्तऱ्यापुढे मान कोण देणार?

बबनच्या तोंडात तीळ भिजत नाही. रविवारी सकाळी सलूनमध्ये गर्दी होती, पण खुर्ची रिकामी. "तुम्ही बसा आधी." "छे छे, मला घाई नाही." प्रत्येकजण पेपरात डोकं घालून दुसऱ्याला पुढे करत होता. नाना खुर्चीमागे टॉवेल झटकत उभे होते, पुन्हा पुन्हा तोच टॉवेल. मीही पेपर धरून बसलो होतो, हे कबूल करतो.

सुरेश आला. कुणाकडे बघितलं नाही, सरळ खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली.

"नाना, दाढी."

नाना हलेनात. "सुरेश, अरे..."

"साबण जास्त लावा."

नानांनी साबण लावला. वस्तरा हातात घेतला तेव्हा तो हलत होता, आम्हा सगळ्यांना दिसलं. मग तो सुरेशच्या गळ्याला लागला. कुणी पेपरचं पान उलटलं नाही. नाना सावकाश, अगदी सावकाश खालपर्यंत आले.

सुरेशने आरशात बघितलं. हनुवटीखालून हात फिरवला आणि पुन्हा मान मागे टाकली.

"आता उलटी दाढी मारा."