माशांना विचारून पाण्याबद्दल बोलणाऱ्या नाखवाबाई

डॉ. हेमलता नाखवा यांची आणि माझी पहिली भेट म्हसळ्यापासून थोड्या आत असलेल्या आमच्या लहानशा महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी नव्यानेच अधिव्याख्याता म्हणून रुजू व्हायला आलो होतो. एस.टी.तून उतरून बॅग खांद्याला तशीच ठेवून विभागात गेलो. काचेच्या टाक्यांच्या रांगेपुढे पदर खोचून एक बाई पाणी बदलत उभ्या होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी वळून न बघता विचारले,

"हात कशाने धुतलेत?"

"साबणाने," मी म्हणालो.

"मग आज टाकीत हात घालू नका. बसा, चहा सांगते."

स्वागत म्हणाल तर एवढेच. नव्या माणसाला तयारीला वेळ लागतो म्हणून माझ्या वाट्याचे काही तास त्यांनी आधीच स्वतःकडे घेऊन ठेवले होते, हे मला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले.

बाई यंदा साठ वर्षांच्या झाल्या आणि सेवानिवृत्तही होत आहेत. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणतात, पण त्यांना स्वतःला 'बाई' हेच बरे वाटते, म्हणून मीही तेच लिहितो. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लेख देणार असल्याचे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "थोर वगैरे काही लिहू नका. थकले आहे असं लिहा. ते खरं आहे." त्यांचा शब्द मोडण्याची आम्हाला कोणालाच सवय नाही. तेव्हा आधीच लिहून टाकतो की बाई थकल्या आहेत. का थकल्या, ते मात्र सविस्तर सांगायला हवे.

बाई मुरुडच्या. वडिलांची होडी होती, आता भाऊ समुद्रावर जातात. अजूनही मुरुडहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडून त्यांच्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी येते आणि तिच्यातला वाटा सगळ्या विभागाला मिळतो. एकदा एका पाहुण्या प्राध्यापकांनी थट्टेने विचारले, "माशांवर संशोधन करता आणि मासे खाताही?" बाई म्हणाल्या, "खाते म्हणून तर विचारते ना, ते कुठल्या पाण्यातले आहेत." त्यांच्या साऱ्या कामाचे मूळ या एका उत्तरात आहे, असे मला वाटते.

चिंचकोंड हे गाव आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. तिथली नदी लहान, पण बारमाही. वरच्या अंगाला एक कारखाना आला आणि त्याचा पाइप नदीला मिळाला. भाताच्या खाचरांना, भाजीच्या वाफ्यांना आणि गुरांना तेच पाणी. पिण्याची विहीरही काठालाच. काही वर्षांनी गावातले गणपतराव चारपाच जणांना घेऊन महाविद्यालयात आले. मुंबईच्या गिरणीतली नोकरी गेल्यावर ते गावी परतून शेती बघत होते आणि गावाच्या वतीने बोलण्याचे काम त्यांच्याकडेच असे.

"बाई, म्हशी त्या पान्याला तोंड लावत न्हाईत," ते म्हणाले. "वलगन तर बंदच झाली. आमी तक्रार केली, तवा सायेब आले, बाटलीत पानी घेऊन गेले. पानी चांगलं हाय म्हनून कागद आला."

पावसाळ्याच्या तोंडाशी नदीतले मासे अंडी घालायला वहाळावाटे भातखाचरांत चढतात, त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. ती बंद झाली म्हणजे काय झाले, हे बाईंना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी गणपतरावांना बसवले आणि सांगितले, "बाटली भरली त्या घटकेचं पाणी बाटलीत येतं. रात्री काय सोडलं, परवा काय सोडलं, ते तिला कळत नाही. मासा चोवीस तास पाण्यात असतो. आपण माशाला विचारू."

वेताच्या कामट्या आणि नायलॉनचे जाळे यांचे पिंजरे आम्ही प्रयोगशाळेतच बांधले. दूरच्या एका स्वच्छ तळ्यातून खवली आणली. हा बोटाएवढा, चंदेरी खवल्यांचा मासा आपल्या ओढ्यानाल्यांत पूर्वी कुठेही मिळे. पिंजऱ्यांचा एक गट पाइपच्या वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला आणि एक गावाच्या पाणवठ्याशी बांधला. माशांचा श्वास, रंग, खाणे, पोहणे यांची रोज नोंद करायची आणि वरच्या व खालच्या माशांची तुलना करायची, इतकी ही साधी पद्धत. गावकऱ्यांनी आळीपाळीने राखण केली. गावाच्या तक्रारीवर तालुक्याच्या कचेरीत सुनावणी ठरली होती, आणि खालचे मासे मरणार, याबद्दल गावात कोणालाही शंका नव्हती.

मासे मेले नाहीत. वरचे जगले, तसेच खालचेही जगले.

सुनावणीची कुणकुण लागल्याने कारखान्याने त्या दिवसांत पाणी सोडणे कमी केले असावे, असा गावाचा संशय होता. बाईंनाही तो होता. सुनावणीच्या आदल्या दिवशी गणपतराव एकटेच प्रयोगशाळेत आले. टाक्यांकडे बघत म्हणाले,

"बाई, धाएक मासे मेले म्हनून लिवलंत तर काय बिघडतंय? खोटं तर ते पन बोलतात."

"ते बोलतात म्हणूनच मला बोलता येत नाही, गणपतराव. उद्या मी मेले म्हणेन, परवा ते दुसऱ्या कोणाला आणून जगले म्हणवतील. मग माशाला विचारायचं तरी कशाला?"

"गाव काय म्हनंल?"

"जे म्हणायचं ते म्हणेल."

दुसऱ्या दिवशी सुनावणीत बाईंनी सांगितले की मासे जगले. पुढे असेही सांगितले की मासे जगले म्हणजे पाणी निरोगी आहे असे होत नाही, अधिक काळ निरीक्षण करावे लागेल. पहिले वाक्य सर्वांनी ऐकले. दुसरे कोणीच ऐकले नाही. आठवड्याभरात कारखान्याचे एक अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन महाविद्यालयात आले. बाई म्हणाल्या, "हा परत न्या. मी तुमच्या बाजूने बोललेले नाही." अधिकारी हसले आणि गुच्छ टेबलावर ठेवून गेले. बाईंनी शिपायाला बोलावून तो बाहेर नेऊन ठेवायला सांगितला आणि खुर्चीत बसल्या. त्या दिवशीचा तास त्यांनी घेतला नाही. मी इतक्या वर्षांत पाहिलेला त्यांचा न घेतलेला तो एकच तास.

गावाने राग धरला, आणि त्यात नवल काही नव्हते. पिंजरे मोडून काठावर फेकले गेले. बाई एस.टी.ने फाट्यावर उतरून चालत गावात गेल्या, तर ओळखीची माणसे दारातून आत वळली. मी सोबत होतो. "चला परत," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "आलोय तर नदी बघून जाऊ."

नदीवर गणपतरावांच्या भावजय पार्वतीवहिनी धुणे धूत होत्या. त्यांनी वर बघितले आणि पुन्हा दगडावर कपडा आपटायला लागल्या. बाई काठावर बसल्या. कपडे पिळता पिळता वहिनी म्हणाल्या,

"परत कशाला आलाव?"

"पिंजरे बांधायचेत. वर्षभर तरी ठेवायला हवेत."

"गावाची जागा कोन देनार न्हाय तुमाला."

"खरं आहे."

वहिनींनी पिळे बादलीत टाकले. "ह्यो वाफा माजा हाय," काठावरच्या वांग्याच्या वाफ्याकडे हात करून त्या म्हणाल्या. "त्याच्या खाली बांदा. माज्या पोरींचं हातपाय खाजतात या पान्यानं. मला मेलेले मासे नकोत, खरं काय ते हवं."

त्यानंतर दोन पावसाळे बाई त्या नदीवर जात राहिल्या. दुपारचे तास संपले की एस.टी., मग पायवाट, मग गुडघाभर पाण्यात वाकून पिंजरे तपासणे. त्यांचे गुडघे तेव्हापासूनच बिघडले. मला प्रत्येक वेळी जाता येत नसे, कारण त्याच काळात माझे वडील मुंबईत रुग्णालयात होते. सबंध सत्र बाईंनी माझी प्रात्यक्षिके घेतली, आणि त्यातूनच नदीही सांभाळली. वडील घरी आल्यावर मी आभार मानायला गेलो. त्या वैतागून म्हणाल्या, "आभार राहू द्या, स्लाइड धुवायच्या राहिल्यात, त्या धुवा." मी स्लाइड धूत असताना त्यांनी हळूच विचारले, "वडील जेवतात का नीट?" आणि दुसऱ्या दिवशी भावाने पाठवलेल्या ताज्या बांगड्यांतले निम्मे माझ्या डब्यात आले.

खालचे मासे मेले नाहीत, हे पुन्हा खरे ठरले. पण ते वाढत नव्हते. सकाळी सकाळी पाण्यावर येऊन तोंड उघडत, कल्ल्यांवर चिकट थर धरे. पावसाळा जवळ आला तेव्हा वरच्या पिंजऱ्यातल्या माद्यांची पोटे अंड्यांनी भरली, खालच्या माद्यांची भरली नाहीत. खात्री करायला मासे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागले. ते काम बाईंनी मला करू दिले नाही, स्वतः केले. संपल्यावर हात धुऊन त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. "जगत होते बिचारे," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या वर्षीही तेच दिसले. वलगण का बंद झाली, याचे उत्तर आता हातात होते. मासे मरत नव्हते, त्यांची पुढची पिढीच होत नव्हती.

उत्तर हातात आले म्हणजे प्रश्न सुटला, असे मला तेव्हा वाटे. सुनावणीला तारीख मिळाली, ती पुढे गेली. अधिकारी बदलले, नव्यांना पहिल्यापासून सांगावे लागले. कारखान्याच्या वकिलांनी तर बाईंचे पहिलेच वाक्य त्यांच्यापुढे वाचले : "मासे जगले, असे आपणच म्हणाला होतात ना?" बाई म्हणाल्या, "हो, आणि आजही तेच म्हणते. आता ते कसे जगले, ते ऐका." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे पुढचे वाक्य ऐकले गेले. ज्यांनी न मेलेल्या माशांना मेलेले म्हटले नव्हते, त्यांच्या या सांगण्यावर शंका घेणे कोणालाच सोपे नव्हते. गणपतराव मागच्या बाकावर बसून होते.

तरीही निकालाला आणखी वेळ गेला. एका संध्याकाळी, आणखी एक तारीख पुढे गेल्यावर, आम्ही स्टँडवर बसलो होतो. बाई म्हणाल्या, "मला आता निकाल नको, झोप हवीय." मलाही तेच हवे होते. अखेर सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये, असा आदेश निघाला. तो बराचसा पाळला गेला, पूर्ण पाळला गेला असे म्हणवत नाही. बाईंनी त्या दिवशी पेढे वाटले नाहीत. पुढल्या आठवड्यात पिंजरे बघायला गेल्या.

मध्ये काही पावसाळे गेले. मग एकदा पावसाच्या सुरुवातीला गणपतराव पातेले घेऊन प्रयोगशाळेत आले. केस पांढरे झाले होते. पातेल्यात पाणी आणि पाण्यात मासे होते, खवली आणि इतरही दोनतीन जातींचे.

"खाचरात चढले," ते म्हणाले. "पुष्कळ न्हाईत. पन चढले."

बाईंनी एकेक मासा हातात घेऊन बघितला, कल्ले उघडून बघितले. पोट दाबले तसा अंड्यांचा पिवळा ठिपका त्यांच्या बोटावर आला. ते बोट त्यांनी उजेडात धरले. मग विचारले, "घरी खाल्लेत का कोणी?"

"न्हाय. आधी तुमाला दाखवाया आनले. खाऊ का?"

आम्ही सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्या दिवशी त्यांनी हो म्हटले असते तर कोणाला वाईट वाटले असते? पण त्या म्हणाल्या, "यंदा नको. कल्ले अजून स्वच्छ नाहीत. अंडी घालू द्या त्यांना. पुढल्या वर्षी बघू."

याच माणसाने एकेकाळी त्यांच्याकडे खोटे बोलण्याची मागणी केली होती. ते काय म्हणतील याची मला धास्ती वाटली. गणपतरावांनी पातेल्यावर झाकण ठेवले.

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हनता तर न्हाय खात. सोडतो परत." आणि पावसात निघून गेले.

बाईंना पुढे पुरस्कार मिळाले, त्यांची यादी या ग्रंथात अन्यत्र आहेच. पण मी पाहिलेला त्यांचा मोठा सन्मान म्हणजे ते एक "बरं".

चिंचकोंडला आता वलगणीचे मासे खातात. जिल्ह्यात इतरत्र नवे पाइप नद्यांना मिळत आहेत, आणि तिथली माणसे बाईंचा पत्ता विचारत येतात. बाई नाही म्हणत नाहीत. गेल्याच महिन्यात श्रीवर्धनकडच्या एका ओढ्यावर मी त्यांच्याबरोबर होतो. काठी टेकत त्या पाण्यात उतरल्या आणि वर येताना मला हात द्यावा लागला. मी म्हणालो, "आता आम्ही करतो हे." त्या म्हणाल्या, "करा की. कोणी अडवलंय?" त्या रागावल्या नव्हत्या, पण मला ते वाक्य अजून झोपू देत नाही.

अशा प्रसंगी दीर्घायुष्य चिंतायचे असते. पण बाईंसाठी मागताना मला संकोच वाटतो, कारण आमची कामे उरली आहेत म्हणून आम्ही त्यांची वर्षे मागतो आहोत, असे व्हायला नको. म्हणून एवढेच म्हणतो : बाईंना पुष्कळ वर्षे मिळोत, निरोगी मिळोत, गुडघ्यांचे दुखणे सुसह्य होवो. आणि त्यांतली बरीचशी वर्षे रिकामी असोत. मुरुडला भावाच्या अंगणात त्या दुपारच्या निवांत पडलेल्या असाव्यात, आणि कोणी पातेले घेऊन दारात आले, तर घरच्यांनी त्याला आमच्याकडे पाठवावे.