सूर्याखालची फळी

गेल्या हिवाळ्यात, मारेगावात, एका शाळेच्या सभागृहात मी गुरुत्वाकर्षण बंद पाडलं. सकाळची वेळ होती आणि माझ्या हातात पक्कड होती.

आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. आमचे हे बांबू, गाडी आणि गप्पा सांभाळतात. उरलेलं सगळं मी. माझ्या यादीत आल्याशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा जागचा हलत नाही. या धंद्यानं मला एकच धर्म शिकवला आहे: कापडाला झोळ पडता कामा नये. छताला झोळ दिसला की वरमाय आधी छताकडे बघते, मग माझ्याकडे. मी कुठे पाहुणी म्हणून लग्नाला गेले तरी दुसऱ्याच्या मंडपाचे दोर कसून येते. (एकदा तिथल्या मंडपवाल्यानं मला चोर समजून हटकलं होतं. असो!)

अशा ताणलेल्या घरात एकच वस्तू ढिली: अंगणातली सुतळीची बाज. 'बाज कसून घेणे' ही ओळ माझ्या यादीत 'वजन कमी करणे'च्या बरोबर खाली कित्येक वर्षं सुखानं नांदत होती.

तर आमची वैष्णवी. दहावीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून एकच मॉडेल जिल्ह्याला, म्हणजे यवतमाळला जाणार होतं. मागच्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि शाळेतलं हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर नाहीच.

"आई, मले तुह्याजवळचं ते ताणणारं पांढरं कापड पाह्यजे."

"कायले?"

"विश्व करायचं हाय."

"किती बाय किती?" (माप विचारल्याशिवाय मी कापड देत नाही. विश्वासाठीसुद्धा!)

तिनं ते कापड पायांवर उभ्या केलेल्या एका लोखंडी कड्यावर पसरलं, कडेनं बारीक तारेनं बांधलं आणि मधोमध गोळाफेकीचा लोखंडी गोळा ठेवला. कापड खोल वाकलं. मग तिनं कडेनं एक कंचा, म्हणजे काचेची गोटी, सोडला. तो गोळ्याभोवती गरागरा फिरायला लागला.

"पाह्य! सूर्य पृथ्वीले दोरी बांधून ओढत नाही. त्यानं फक्त कापड वाकवलं. पृथ्वी बिचारी सरळच चालून राह्यली."

"सरळ चालते अन् गोल फिरते? काहीही सांगून राह्यली!"

तिनं स्वयंपाकघरातून कोहळं आणलं आणि त्यावर दोन बोटं टेकवली. "या दोन मुंग्या समज. कोहळ्याच्या पोटापासून शेजारी शेजारी निघाल्या, सरळ वर. कोणीच वळलं नाही. तरी देठापाशी भेटल्या का नाही? त्याईले वाटंन, आपल्याले कोणीतरी ओढलं. ओढलं कोणीच नाही, वो आई! कोहळंच गोल हाय!"

मी कोहळ्याकडे पाहिलं. "भाजीचं होतं ते," मी म्हणाले.

"अन् जड वस्तूपाशी घड्याळबी हळू चालते," ती म्हणाली.

बाजेवर लोळत पडलेले आमचे हे तेवढ्यापुरते जागे झाले. "बराबर हाय! म्हणूनच तुह्या मायपाशी बसलो का येळ जात नाही!"

मला सगळं समजलं. निदान यादीत तरी मी तसं लिहिलं: 'विश्व – समजले.' आणि पुढे बरोबरची खूण केली.

प्रदर्शनाच्या दिवशी विश्व पिकअपमध्ये घालून आम्ही मारेगावला पोचलो. यांनी गाडी लावली आणि ते बाहेरच कोणाशी तरी बोलत उभे राहिले. मॉडेल टेबलावर मांडून झालं, तोच मुलांना सूचना ऐकायला व्हरांड्यात बोलावलं. जाताना वैष्णवीनं बजावलं, "आई, कायलेच हात नको लावजो."

मी लावणार नव्हते. खरंच! पण माझ्यासमोर, शेकडो लोक बघणार अशा जागी, भलामोठा झोळ पडला होता. आधी मी फक्त एक कोपरा कसला. एक कसल्यावर दुसरा ढिला दिसायला लागला, म्हणून तोही कसला. मग सगळं कडं फिरून आले. तरी तो गोळा मधे रुतलेलाच! तेव्हा माझ्या मनात विचार आला की ऐन वेळी कापड टर्रकन फाटलं तर? पोरीची शोभा होईल. यवतमाळ हातचं जाईल. मी पळत जाऊन पिकअपमधून प्लायची फळी आणि विटा आणल्या, फळी कापडाखाली विटांवर टेकवून अशी गच्च बसवली, की सूर्य एकदम वर आला. पुढून सोनेरी झालर सोडली. कापड कसं, नगाऱ्यासारखं! वीस लग्नांत जमलं नसेल असं काम झालं होतं.

वैष्णवी परत आली ती परीक्षकांबरोबरच. तिला बघायला वेळच मिळाला नाही.

"सर, हा सूर्य. याच्यामुळे ही जागा वाकते, आणि..." तिनं खाली पाहिलं आणि ती थांबली. पण हातातला कंचा सुटला होता. तो सूर्याच्या शेजारून, ओळख न दाखवता, सरळ गेला आणि टेबलावरून खाली पडला. दुसराही तसाच गेला.

"बाळा," परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "यात गुरुत्वाकर्षण कुठे आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सर, खाली फळी टाकली आहे," मी अभिमानानं सांगितलं. "मजबुतीसाठी!"

"आई..."

तिचा चेहरा बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ताबडतोब दुरुस्तीला लागले. "एकच मिनिट, सर! आत्ता काढते!" फळी मीच बसवलेली, म्हणजे निघणार थोडीच! ओढून निघेना, म्हणून मी ती एका बाजूनं उचलली. सूर्य हळूच हलला. मग घरंगळला. मग कड्यावरून उडी मारून थेट शेजारच्या टेबलावर गेला. तिथे गोबरगॅसचं मॉडेल होतं. चालू स्थितीतलं. खऱ्या शेणाचं.

सूर्यास्त झाला!

परीक्षकांनी आपल्या पँटकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "हे मात्र गुरुत्वाकर्षण आहे," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मी नळापर्यंत त्यांच्यामागे गेले. "सर, पोरीची काही चूक नाही. पुन्हा एकदा बघा ना." ते वाईट नव्हते, पण वेळ संपला होता आणि सगळ्यांना एकदाच बघायचं, असा नियम होता. यवतमाळला एक पवनचक्की गेली. गोबरगॅसवाली पोरगी रडत होती. वैष्णवी रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

परतीच्या वाटेवर ती मागे, धुतलेला गोळा मांडीवर घेऊन बसली. यांनी एकदा आरशात पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळे खड्डे चुकवत गाडी चालवली.

घरी आल्यावर ती बाजेच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून बसली. संध्याकाळ होत आली होती. काय बोलायचं याचे मुद्दे मी मनात काढून ठेवले होते, पण तिची पाठ बघितल्यावर पहिलाच आठवेना. मी नुसतीच मधे जाऊन बसले. बाज करकरली, माझ्याखाली खोल गेली, आणि वैष्णवी घसरत येऊन मला टेकली.

"मी नाही ओढलं तुले," मी घाईघाईनं म्हणाले.

"मालूम हाय मले." ती म्हणाली, "मी सरळच बसली होती."

ती उठून गेली नाही. पण हसलीही नाही.

"आई, फळी कायले टाकली वो?"

"फाटू नये म्हणून."

"फाटलं नसतं. म्या रोज करून पाह्यलं होतं."

माझा हात बाजेच्या ढिल्या सुतळीकडे गेला, आणि मी तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मी यादी काढली आणि त्यातल्या दोन ओळी कायमच्या खोडल्या: 'बाज कसून घेणे' आणि 'वजन कमी करणे'. आमच्या घरात गुरुत्वाकर्षण शिल्लक आहे ते तेवढंच, आणि माझ्या हातात पक्कड कधी येईल याचा नेम नाही!