तिरफळांची ओळ

आधीच सांगतो, मी देवळातसुद्धा आईने ढकललं तरच जाणारा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. ही एक सांगताना मात्र येत नाही…

१९८३ चा उन्हाळा, दोहा. मी आणि माझा चुलतभाऊ बबन, दोघंही मालवणकडचे, एकाच कंपनीत एसी मेकॅनिक. बबनला कतारला मीच आणलं होतं. काकूचा तो एकुलता एक. "त्याला सांभाळीन" असा शब्द मी तिला दिला होता.

बिन महमूद वस्तीच्या मागच्या गल्लीत कॉलेजच्या पोरांच्या खोल्या होत्या. तिथेच चीनमधल्या सिचुआनकडच्या एका बाईचं नूडल्सचं छोटं दुकान. रश्श्यात जिभेला मुंग्या आणणारी काळपट टरफलं. बबनने पहिल्याच घासाला डोळे मोठे केले, "दादा, ही तर आपली तिरफळा!" खरंच, बांगड्याच्या आमटीचाच वास. मग दर शुक्रवारी आमचं जेवण तिथेच. घरी करायचा तसंच बबन एकेक टरफल चोखून कडेला ओळीत लावायचा. "पंगतीला बसवलंस काय रे त्यांना?" म्हणून मी चिडवायचो.

त्या शुक्रवारी समोरच्याच बिल्डिंगच्या गच्चीवरचं एसीचं मशीन बंद पडलं होतं, ते आम्ही दुरुस्त करत होतो. सुट्टीमुळे खालची ऑफिसं बंद. बबन म्हणाला, "दादा, तू फुडे हो. माझापण सांगून ठेव, मी इलंयच."

दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका पाकिस्तानी विद्यार्थ्यासमोर दोन खुर्च्या मिळाल्या. दोन्ही वाडगे एकदमच आले. मी हात धुवायला मागे गेलो आणि परत येऊन बघतो तर — बबनचा वाडगा रिकामा! शेजारी टेबलावर तिरफळं. ओळीत.

डोकंच फिरलं माझं. गिळून निघून गेला? थांबता येत नव्हतं?

तो विद्यार्थी म्हणाला, "आपका भाई तो अभी उठा. बहुत पसीना था उसको. ऊपर उंगली दिखाके गया."

मी चमचा उचलला. माझ्या वाडग्यातून वाफा येत होत्या, रस्सा ओठाला लावता येईना. मग बबनने आपला संपवला कसा?

तसाच उठून धावलो. जिने चढताना हाका मारत होतो. गच्चीवर मशीनची पत्र्याची खोली होती. दार वाऱ्याने आपटून बाहेरची कडी पडलेली. पत्रा हाताला भाजत होता. कडी काढली… बबन आत आडवा पडला होता. अंग तापलेलं, घाम पार आटलेला. काकूला आता काय सांगू, एवढंच डोक्यात. त्याला पाठीवर घेऊन मी कसा उतरलो ते मला आजही आठवत नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर खलास.

संध्याकाळी बबनने डोळे उघडले. मी त्याचा हात धरून रडत होतो, लाज न बाळगता. दुकानातलं अवाक्षरही त्याला सांगितलं नव्हतं. तो पुटपुटला, "दादा… आज तिरफळा लय घातल्यान रे त्या बायेन. जीब बधीर झाली माझी."

पुढच्या शुक्रवारी तो विद्यार्थी भेटला. बबनला बघून म्हणाला, "हां, यही था." बबनला मात्र त्या खोलीत डोळ्यांपुढे अंधारी आल्यानंतरचं काहीच आठवत नव्हतं, आपण काय पुटपुटलो तेही नाही. मी विचार करकरून थकलो. दुसऱ्याच कुणी खाल्लं असेल म्हणावं, तर ती ओळ? आणि कडी तर बाहेरून लागलेली होती…

आता आम्ही दोघंही गावीच असतो. काकू शेवटपर्यंत म्हणायची, "तू माझ्या झिलाक सांभाळलंस." मी विषय बदलायचो. बबन अजून बांगड्याच्या आमटीतली तिरफळं ताटाच्या कडेला ओळीत लावतो. त्या वेळी मी त्याच्या ताटाकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहतो.