विभूती लावलेलं इंजिन

विभूतीची डबी उघडली की मला अजूनही तापलेल्या ऑइलचा वास येतो. आजोबांची जुनी मोटारसायकल इंजिनच्या हेडजवळ, म्हणजे वरच्या झाकणापाशी, तेल गाळायची. अहमदपूरला स्टँडमागच्या मिस्त्रीचाचांनी दोनदा हेड उतरवून सांध्यातलं गॅस्केट बदललं, तरी गळती थांबेना. तिसऱ्या खेपेला ते वैतागून वडिलांना म्हणाले, "मालक, इकून टाका आता. हेडच वाकडं झालंय." तिच्याच टाकीवर बसून मी लहानाचा मोठा झालो होतो. वडिलांनी इंजिन रॉकेलनं धुऊन कोरडं पुसलं, खिशातली डबी काढली आणि हेडवर विभूती भुरभुरली. चाचा दचकले, "देवाची चीज हाय, मालक!" वडील म्हणाले, "गाडीबी घरचीच हाय. मारा किक." थोड्या वेळानं पांढऱ्या विभूतीत तेलाची काळी रेघ उमटली. ती हेडच्या सांध्यातून नव्हतीच; वर तेल नेणाऱ्या बारक्या नळीच्या जोडातून ओघळत होती. चाचांनी तिथलं तांब्याचं वायसर बदललं आणि गळती कायमची थांबली. आता वडील नाहीत. गाडी थेंबभरही गाळत नाही, तरी रोज कपाळाला विभूती लावली की बोटाला उरलेली मी हेडवर टेकवतो.