हक्कवाले काका

“पाहाले देतो, पुसाले नाही!” चष्मा कपाळावर चढवून काका म्हणायचे आणि समोरचा कितीही चिडला तरी हसायचे.

तुमसरच्या आमच्या राईस मिलमध्ये बॉयलर आणि मशिनींच्या तपासणीची नोंद कॉम्प्युटरवर सुरू झाली. कोणी नुसतं पाहायचं, कोणी लिहायचं, कोणी लिहिलेलं पुसायचं, कोणी मंजुरी द्यायची, हे हक्क वाटायचं काम काकांकडे आलं. त्याआधी ते गोदामाच्या किल्ल्या सांभाळायचे. आता हक्क वाटतात म्हणून सगळे त्यांना हक्कवाले काका म्हणत.

सुरुवातीला आमच्या लोकांनी काय करावं? शेठचाच पासवर्ड पाण्याच्या माठावर खडूने लिहून ठेवला! जो तो शेठच्या नावाने नोंद करी. शेठ गोंदियाला लग्नात जेवत होते, तेव्हा कॉम्प्युटर सांगत होता की ते बॉयलरची राख काढत आहेत. काका पोट धरून हसले, मग एकेकाला बसवून वेगळा पासवर्ड दिला. बॉयलर चालवणाऱ्या फायरमनला मंजुरीचा हक्क दिला. त्याच्या मंजुरीशिवाय बॉयलर पेटवायचा नाही, असं ठरलं.

ऐन हंगामात त्याच फायरमनने लिहिलं, जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो, मंजुरी नाही. बाहेर धानाच्या ट्रकांची रांग. शेठ तणतणत आले.

“काका, मंजुरीचा हक्क मले द्या. मिल माही हाय ना?”

“मिल तुमचीच हाय शेठ. पन वाफेपाशी तो उभा राह्यते. त्याच्या जिवाची मंजुरी तुमाले कशी देऊ?”

“मंग उद्यापासून येऊ नका!”

“बरं,” म्हणून काकांनी डबा उचलला. मला इतका राग आला म्हणून सांगू! काकांच्या हाताखाली राहून हक्क द्यायचं काम मलाही येत होतं. शेठ माझ्याकडे वळले, तर मी सरळ सांगितलं, मला येत नाही.

नाइलाजाने शेठनी मेकॅनिक बोलावला. त्याने व्हॉल्व्ह खोलून शेठच्या हातात दिला. आत पार गच्च बसला होता, वाफ सुटलीच नसती, बॉयलर फुटला असता. शेठनी तो बदलून घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडी देऊन काकांना आणायला त्यांच्या गावी, आंबागडला पाठवलं.

काका अंगणात बैलाला पाणी पाजत होते.

“शेठनं बोलावलं, काका. चला ना.”

“नाही पोरी, आता थकलो. माहा लॉगिन बंद केला का?”

“नाही केला. तुम्ही येणार म्हणून...”

“गेलेल्या मानसाचं दार उघडं ठेवतेस? कोनी माह्या नावानं घुसला तं? कर बंद.”

मी फोनवर मिलची नोंद उघडली. त्यांचं नाव दिसलं आणि मला रडूच आलं.

“कायले रडून राहिलीस? आता शेठ मंजुरीचा हक्क तुह्याजवळ मागतील. देजो नोको.”

मी बटण दाबलं. काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढून, वाकून, आपलं नाव बंद झाल्याची खात्री करून घेतली आणि बैलाकडे वळले.