जिनं उसव म्हटलं, तिनंच उसवायचं

शिलाईकाम करणाऱ्या बाईच्या घरी दोन गोष्टी न मागता जमतात. एक चिंध्या आणि दुसरे किस्से. चिंध्या मी वर्षाकाठी एखाद्या गोधडीत संपवते. किस्से मात्र संपत नाहीत. पाहुणे आले की एक निघतो, त्याच्यामागे दुसरा येतो आणि कपातला चहा थंड होतो. म्हणून म्हटलं, आता बसून लिहूनच काढावेत.

आमचं घर बाभुळगावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. समोर पत्र्याची छपरी आहे. दर बुधवारी दुपारी जेवणं आटोपली की तिथे सतरंजी पडते आणि आम्ही चौघी हाताने शिवायला बसतो. एक मी, वनिता. एरवी ब्लाउज आणि फॉल-पिको करते, पण बुधवारी माझी मशीन बंद. दुसरी समोरच्या घरातली ज्योती. नवीन लग्न होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवतानाही तिची जीभ बाहेर यायची. तिसऱ्या सुमनकाकू. काकांची नोकरी बदलीची होती, त्यामुळे चार तालुक्यांचे सल्ले काकूंजवळ जमा आहेत. आणि चौथी याडी.

याडी म्हणजे गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, आई. ती सत्तरीची आहे आणि तांड्यावरून काळीपिवळी जीपमध्ये बसून येते. तिचा मुलगा तिला याडी म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. तिच्यासारखं भरतकाम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही.

* * *

आमचा नियम कसा झाला, ते आधी सांगते.

ज्योती पहिलीच गोधडी शिवत होती. सुमनकाकू पट्टीवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "वाकडी गेली व ज्योती. उसव." ज्योती उसवायची. पुढच्या बुधवारी पुन्हा, "आता इकून वाकडी गेली. उसव." असे तीन बुधवार गेले. चौथ्या बुधवारी ज्योतीने खाली घातलेली मान वर केलीच नाही. कापडावर टपकन थेंब पडला.

याडी तेव्हा आमच्यात नवी होती. दुसऱ्यांदाच आली असेल. तिने माझ्या डब्यातलं अर्धं ब्लेड उचललं आणि काकूंच्या तळहातावर ठेवलं.

"तू सांगतलं ना? तं तूच उसव."

काकूंना नाही म्हणता येईना. ज्योतीने भीतीपोटी एकेक टाका दोन-दोनदा घातलेला. चहा होईपर्यंत काकूंची वीतभर पट्टीही उसवून झाली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला, कापड हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तशी काही एवढी वाकडी नाही दिसत."

त्या दिवसापासून छपरीचा कायदा ठरला. जिनं उसव म्हटलं, तिनंच उसवायचं. सल्ले एकदम निम्म्यावर आले, आणि जे उरले ते खरंच कामाचे होते. ज्योतीची ती गोधडी आजही तिच्या घरी पाहुण्यांना पांघरायला देतात. पट्टी वाकडीच आहे.

* * *

याडी मात्र गोधडी शिवत नव्हती. ती गळणं भरत होती. बाई डोक्यावर घागर घेते तेव्हा चुंबळीच्या मागून पाठीवर लोंबतो, तो चौकोनी रुमाल म्हणजे गळणं. त्याला आरसे, कवड्या आणि मोजून घातलेले टाके. हे गळणं नातीच्या लग्नासाठी होतं. याडीच्या घरची रीत अशी, की नवरीचं गळणं आजीच्या हातचं पाहिजे, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही.

नात म्हणजे पायल. ती पुसदला नर्सिंगच्या कोर्सला नुकतीच लागली होती. कोर्स तीन वर्षांचा. आणि तिचा बाप, म्हणजे याडीचा मुलगा उत्तम, म्हणत होता की चांगलं स्थळ आलं आहे, येत्या उन्हाळ्यात उरकून टाकू. माणूस वाईट नाही. पोरीची पेटी खांद्यावर घेऊन तिला होस्टेलला सोडून आलेला तोच. पण येता-जाता लोक सल्ला देतात, आणि बापाच्या कानाला काही झाकण नसतं.

याडीने त्याला इतकंच सांगितलं होतं, "गळणं होऊ दे. मग कर."

आम्हाला त्याचीच धाकधूक होती. गळणं झालं की पोरीची शाळा संपली. आणि याडीचा हात तर असा चालायचा, की आपण एक टाका घालेपर्यंत तिचं फूल होऊन जायचं. मी एकदा म्हटलंही, "याडी, जरा हळू कर ना."

"माह्या हाताले हळू येत नाही," ती म्हणाली. "अन् उत्तम रोज संध्याकाळी उलगडून पाह्यते, किती झालं म्हणून."

* * *

आमचे हे कृषी केंद्रात कामाला आहेत. बुधवारी दुपारी घरीच असतात. एकदा चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले आणि माझ्या गोधडीकडे पाहून म्हणाले, "हा कोपरा हिरवा पाह्यजे होता."

चौघींच्या माना एकदम वळल्या. याडीने ब्लेड पुढे केलं.

"अहो, मी तं सहज म्हणलं."

"मग सहज उसवा काका," ज्योती म्हणाली.

बिचारे बसले. आणि काय सांगू, कापडाला धक्का न लावता एकेक टाका असा उचलला की आम्ही पाहतच राहिलो. चोवीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या बोटात ही कला आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आता बुधवारी जेवण झालं की हात पुसत विचारतात, "आज काही उसवाचं हाय काय?"

* * *

ज्योतीने आमचा कायदा तिच्या घरी नेला. तिच्या सासूबाई पलंगावर बसून भाकरीवर बोलायच्या. पीठ सैल झालं, तवा तापला नाही, कडा जाड राहिली. एक दिवस ज्योतीने परात उचलून त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाली, "आई, आमच्या बुधवारी असं हाय, का जिनं सांगतलं तिनंच कराचं."

सासूबाईही हट्टाच्या. आठ दिवस त्यांनी भाकरी केल्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "तुह्याच बऱ्या होत्या माय. गोल नव्हत्या, पण मले बसल्या जागी भेटत होत्या."

* * *

आता माझ्या मोठेपणाची गोष्ट.

गळणं अर्ध्यावर आलं होतं. उन्हाळा तोंडावर होता. एका बुधवारी याडीने ते माझ्या मांडीवर पसरलं आणि विचारलं, "वनिता, हे लाल कसं वाटते तुले?"

मी दचकलेच. मी दहावी शिकलेली, ब्लाउज शिवणारी बाई. याडीने मला विचारावं? पण विचारलं आहे तर खरं सांगावं, म्हणून नीट पाहिलं आणि भीत भीत म्हटलं, "थोडं भडक वाटते, याडी."

"उसव मग."

तीन बुधवार उसवत होते मी. बोटं दुखायची, पण छाती फुगलेली. माहेरी फोन करून सांगितलं, की याडीसारखी कलाकार माझं ऐकते.

मग तिने सुमनकाकूंना विचारलं. काकूंना आरसे मोठे वाटले. काकूंनी काढले. मग ज्योतीला विचारलं. ज्योती लाजली. म्हणाली, "मी काय सांगू? मले काय समजते?"

"सांग ना व. काहीतरी सांग."

"मग... किनार मेहंदी कलरची चालली असती."

"उसव."

असे दोन उन्हाळे आले आणि गेले. पायल पहिलं वर्ष पास झाली, दुसरं पास झाली. सुट्टीत यायची तेव्हा छपरीत बसून आमच्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर बघायची. सुमनकाकूंना म्हणायची, "काकू, मीठ कमी करा." काकूंनी लगेच तिच्या हातात मिठाचा डबा दिला. दोन दिवस त्यांची भाजी तिनेच केली.

पुढे एका दुपारी आमचे हे बसून याडीचं गळणं उसवत होते. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तू पह्यल्या साली उसवलं होतं ना, ते लाल परत आलं."

"मग?"

"काही नाही. आता ज्योतीची मेहंदी निघून राह्यली. म्हणलं, तुले सांगावं." आणि ब्लेड उजेडाकडे तिरपं धरून ते पुन्हा कामाला लागले.

मी याडीकडे पाहिलं. ती डब्यात दोरा शोधत होती. दोरा वरच पडला होता, तरी बराच वेळ शोधत होती.

मी माझी गोधडी पुन्हा हातात घेतली. पण पुढच्या बुधवारी तिने मला विचारलं, तेव्हा माझा सल्ला तयार होता. त्यानंतर मला सल्ला सुचला नाही, असं एकदाही झालं नाही.

* * *

तिसरं वर्ष. पायलची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. उत्तमची मोटरसायकल थेट छपरीसमोर येऊन थांबली.

"राम राम ताई," तो म्हणाला, पण बसला नाही. "याडी, किती राह्यलं?"

"मले काय विचारतं? ह्या शिकलेल्या बाया हायत. ह्यायच्या मनास येऊनच नाही राह्यलं."

त्याने गळणं उचललं आणि सरळ माझ्यासमोर धरलं. "ताई, तुम्ही सांगा. काय कमी हाय ह्याच्यात?"

मला खोटं बोलता येत नाही. बोलले तरी चेहऱ्यावर दिसतं. आणि त्या कापडात काहीही कमी नव्हतं. काकू खाली पाहत होत्या. ज्योतीने सुई तोंडात धरली होती. होस्टेलवर ती पोरगी पुस्तक घेऊन बसली असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी म्हटलं, "उत्तमभाऊ, तुम्हीच पाहून सांगा ना."

हे काही खोटं नव्हतं. त्याला बहुतेक आजवर असं कोणी विचारलंच नसेल. लहानपणापासून आईच्या सुईजवळ बसून मोठा झालेला माणूस. त्याने गळणं उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं, मान तिरपी केली.

"तसं... मधातला आरसा थोडा बारका वाटते."

याडीने ब्लेड पुढे केलं.

"नाही, मी म्हणजे, मले कुठं..."

"कायदा हाय भाऊ," सुमनकाकू म्हणाल्या. "मी तं सुटली नाही."

आमच्या ह्यांनी सरकून सतरंजीवर जागा केली. उत्तम बसला. नखांत शेतातली काळी माती, आणि त्या बोटांनी साडेचारपर्यंत तो आईचे टाके उचलत होता. जाताना चप्पल घालत म्हणाला, "पुढच्या बुधवारी येतो. बाजूच्या फुलायचंही काही खरं नाही."

* * *

पायल पास झाली. निकालाचे पेढे उत्तमने स्वतः वाटले. होस्टेलच्या वॉचमनपासून सुरुवात केली, मग तांडा, मग आमचं बसस्टँड. ओळख नसलेल्या कंडक्टरलाही डबा पुढे करून सांगत होता, "घ्या. माही पोरगी नर्स झाली."

त्या बुधवारी तो, याडी आणि पायल एकाच काळीपिवळीने आमच्याकडे आले. याडीने आमच्या सतरंजीवर बसून शेवटची गाठ मारली. आम्ही गळणं मधोमध पसरलं. मी भडक म्हटलेलं लाल आपल्या जागी होतं. काकूंनी काढलेले आरसे होते तिथे होते. असं गळणं, की त्याच्याकडे बघून बोलावंसं वाटू नये. सुमनकाकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"झालं ना?" उत्तमने विचारलं. पेढ्यांचा डबा त्याच्या हातातच होता. "आता कोणाचं काही म्हणणं?"

ज्योतीने डब्यातला एक पेढा उचलून तोंडात टाकला.

"मग मी उद्या बोलणी कराले जातो."

पाणी आणायला मी आत गेले, तशी पायल मागोमाग येऊन ग्लास भरू लागली. तिला आणखी पुढचं शिकायचं होतं. फॉर्म भरून झाला होता. बापाला अजून सांगितलं नव्हतं. हे सगळं तिने मला दोन ग्लास भरेपर्यंत सांगितलं. तिसरा ग्लास तिच्या हातून काठोकाठ भरला आणि सांडला.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांना पाणी दिलं. मग आजीजवळ बसली, गळणं मांडीवर घेतलं आणि काठावरून सावकाश बोट फिरवलं.

"दादी," ती म्हणाली, "हा कोपरा थोडा वाकडा गेला."

कोपरा वाकडा नव्हता. शिलाईच्या बाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

याडीने ब्लेडकडे हात नेला, पण त्याआधीच पायलने माझ्या डब्यातून ते उचललं होतं. याडी थोडी सरकली.

"किती दिवसाचं काम हाय?" उत्तमने विचारलं.

"दोन वर्षाचं," पायल म्हणाली. वर न पाहता तिने पहिला टाका उचलला.

उत्तम छपरीच्या काठावर उभा होता. त्याने पोरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग आमच्याकडे. बसस्टँडवरून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. त्याने पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि चपला काढल्या.

"ताई," तो मला म्हणाला, "अजून एक ब्लेड हाय काय?"